मधली पट्टी

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहा, अशी आमच्या संपादकांची दरवर्षीची आज्ञा असते. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडायचा, तेव्हा वाचकाच्या घशात चकलीखेरीज दुसरे काही अडकू नये, असा त्यांचा साधा हिशेब. मीही तो आजवर इमानाने पाळला. यंदा तर विषयही ठरला होता: दिवाळीची झाडलोट आणि तीत सापडणाऱ्या, फेकायच्या म्हणून काढलेल्या आणि पुन्हा माळ्यावर चढणाऱ्या वस्तू. पण नवरात्रात गावाकडून फोन आला आणि माळा तसाच राहिला.

"आजोबा, बांध मोडायचा म्हणतोय. तुमचा होकार पाहिजे."

बोलणारा माझ्या चुलतभावाचा नातू. वय सव्वीस, शेतीची पदवी घेतलेला, आणि पदवी घेऊनही शेतीच करणारा. त्याच्या या एका वाक्याने मी फोन हातात घेऊन खुर्चीत बसलो.

शहरातल्या वाचकाला बांधाचे माहात्म्य थोडे सांगायला हवे. शेजाऱ्याने आपल्या सामाईक भिंतीत विचारल्याशिवाय खिळा ठोकला, तर आपल्याला काय वाटते? ते शंभराने गुणावे, म्हणजे बांध कोरला गेल्यावर शेतकऱ्याला काय वाटते त्याचा अंदाज येईल. नांगराचे एक तास बांधाला जरा जास्त खेटून घेतले, वीतभर माती इकडची तिकडे गेली, एवढ्यावरून सख्ख्या भावांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. दोन पिढ्या वकिलांची मुले त्या वीतभर मातीवर शिकली आहेत. असा तो बांध. आणि हा मुलगा तो मोडायला निघालेला!

आमची जमीन कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यात. काळीभोर, बारा एकरांचा एकच तुकडा. एका अंगाला रस्ता आणि दुसऱ्या अंगाला ओढा. आमची म्हणजे खरी आजोबांची. त्यांना सारे गाव आबा म्हणे. आबांच्या तरुणपणी गावात नांगर असे तो लाकडी. सुतार तो बाभळीच्या लाकडातून घडवायचा, लोहार त्याला फाळ बसवायचा, आणि सुगीला दोघेही खळ्यावर येऊन आपापले बलुते घेऊन जायचे. हा नांगर जमीन उकरायचा, पण उलटी करायचा नाही. त्यामुळे हरळी आणि कुंदा यांची मुळे खाली सुखाने नांदत आणि पाऊस पडला की पिकाच्या आधी वर येत.

त्याच सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचे गृहस्थ लोखंडी नांगर ओतवण्याच्या खटपटीला लागले होते. हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते, पुढे सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापायचे यंत्र केले आणि मग नांगराकडे वळले. पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, असा लोकांचा समज. पहिले नांगर खपवण्यासाठी त्यांना दोन वर्षे स्वतः खपावे लागले. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळ, निवडुंगाने भरलेला माळ दिला, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. स्टेशनाचे नावही पुढे तेच झाले.

आमच्या गावाहून ते स्टेशन काही लांब नव्हते. आबांनी १९२५ च्या सुमारास तिथून नांगर आणला. घरात आजी तीन दिवस जेवली नाही म्हणतात. काळ्या आईच्या पोटात लोखंड घालायचे, हे तिला सोसेना. लाकडी नांगरालाही फाळ लोखंडाचाच असतो, हे तिला कोणी सांगितले नाही, किंवा सांगायचे धाडस झाले नाही.

पण खरी अडचण आजीची नव्हती, बैलांची होती. हा नांगर वजनाला भारी आणि खोल जाणारा. त्याला आठ बैल जुंपावे लागत. आबांच्या दावणीला बैल दोन. मग त्यांनी काय करावे? तीन घरांशी वारंगुळा केला. आज तुझे रान, उद्या माझे, बैल सगळ्यांचे. आमचे बारा एकर नांगरले त्या वेळी आबांनी इर्जिक घातली. ज्यांचे बैल आले ती घरेच्या घरे दुपारी रानातच जेवायला बसली, आणि त्या जेवणासाठी आजीने उपास सोडून पोळ्या लाटल्या. पुढच्या वर्षी हरळी दिसली नाही. ज्वारीची कणसे पाहायला लोक बांधावर येऊन उभे राहिले.

ही गोष्ट माझे वडील फार रंगवून सांगत. पण शेवटी एक वाक्य हळूच घालत: "सुतार मात्र त्या जेवणाला आला नाही."

त्याचे बलुते आबांनी नांगर न घेताच आणखी दोन वर्षे चालू ठेवले. तिसऱ्या वर्षी तो म्हणाला, "आबा, कामाबिगर दाणं नकोत," आणि बिऱ्हाड घेऊन सांगलीला गेला. आमच्या घरात सुबत्ता आली ती अशी. तिच्या हिशेबात ही एक बाकी कायम राहिली आहे.

नांगराशी आपला काय संबंध, असे एखाद्या पुणेकर किंवा दादरकर वाचकाला वाटत असेल, तर त्याने आपल्या आजीची पेटी आठवावी. त्या नांगराच्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचे एक पत्रक निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे 'किर्लोस्कर' मासिक केले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' त्याच घरातून निघाली. दुपारी स्वयंपाकघर आवरून मराठी घरांतल्या बायका जे वाचत बसल्या, विधवाविवाहापासून मुलींच्या शिक्षणापर्यंत ज्या विषयांवर घराघरांत वाद झाले, त्याची छपाई एका नांगराच्या कारखान्याच्या आश्रयाने चालली होती. माझे वडील गावच्या मास्तरांकडे या मासिकांचे जुने अंक वाचत. त्यांतूनच त्यांना शहराची ओढ लागली आणि ते पुण्यात शाळामास्तर झाले. म्हणजे नांगराने आमच्या घरातले तण उपटले, तसे एक रोपही उपटून शहरात लावले. ते रोप आज तुमच्यापुढे हे सदर लिहीत आहे.

गावी राहिले थोरले काका आणि मधले काका. तोवर विहिरीवर मोट होती. चामड्याची मोट, नाडा, सोंदूर, धावेवरून मागे-पुढे चालणारे बैल, थारोळ्यात धबकन पडणारे पाणी. मोट हाकायला एक माणूस आणि दारे धरायला एक, अशी दोन माणसे तरी लागत. भाऊ भावाशी बोलत नसला तरी पाण्यासाठी त्याला हाक मारावीच लागे. मग इंजिन आले. पुण्याला १९४६ साली ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, आणि पाचदहा वर्षांत गावोगावच्या विहिरींवर पुकपुक ऐकू येऊ लागली. इंजिनाला बैल नकोत, शेजारी नको, भाऊही नको. एकाने दांडा मारला की पुरे.

आबा गेले १९६६ साली, आणि वर्षभरातच वाटणी निघाली.

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. पडवीत पंच बसले होते. बारा एकरांचे तीन भाग करायचे: रस्त्याकडचा, मधला आणि ओढ्याकडचा. दोघे काका एकमेकांकडे पाहतही नव्हते. रस्त्याकडचा भाग सोयीचा आणि ओढ्याकडचा ओलीचा, तेव्हा मधला भाग कोणालाच नको होता. वडील म्हणाले, "मधला मला द्या."

परतताना गाडीत मी त्यांना विचारले, "आपण कसणार नाही, मग जमीन घेतली कशाला?"

वडील खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "दोघांचा बांध एकमेकांना लागू नये म्हणून."

त्यांनी व्यवस्था करून दिली ती अशी: मधली चार एकरांची पट्टी तीन वर्षे थोरल्यांनी कसायची आणि तीन वर्षे मधल्यांनी. उत्पन्नातले आम्हाला काही नको. फक्त बांध कोणी कोरायचा नाही. या कराराचा कागद नाही. साठ वर्षे होत आली, तो अजून चालू आहे. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ सालीच तुकडेबंदीचा कायदा झालेला होता. पण सातबारावर नावे सामाईक ठेवून रानात बांध घालायला आपल्या लोकांना कोण अडवणार? १९७०-७१ च्या गणतीत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणतीत ती १.३४ हेक्टरांवर आली. यंत्रे पिढीगणिक मोठी होत गेली आणि त्यांच्यापुढची शेते लहान होत गेली, असा हा आपला उफराटा संसार.

मधली वर्षे मी झपाट्याने सांगतो, कारण ती झपाट्यानेच गेली. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकारी साखर कारखान्याचे धुराडे १९५० साली पेटले होते. त्या वाटेने कृष्णाकाठही गेला. ज्वारी गेली, ऊस आला. इंजिनाच्या जागी विजेची मोटार आली, विहिरीच्या जागी नदीवरून पाइप आले. घरे सिमेंटची झाली, मुली कॉलेजात गेल्या. आम्हालाही दर दिवाळीला सभासदाची सवलतीची साखर यायची, आणि आमच्या घरच्या करंज्यांत कितीतरी वर्षे गावची साखर होती. पण पाणी स्वस्त झाले तसे ते हात सैल सोडून दिले गेले. ओढ्याकडच्या एकरभर रानात मीठ फुटले. जमीन पांढरी पडली आणि उगवणच बंद झाली. आजीची भीती शंभर टक्के खोटी नव्हती म्हणायची. जमीन विषारी झाली खरी, पण ती लोखंडाने नव्हे, पाण्याने.

आणि पंधरा वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरूनच दोन्ही घरांत शब्दाला शब्द लागला. थोरल्या काकांचे चिरंजीव, म्हणजे आमचे दादा, आणि मधल्या काकांचे चिरंजीव बापू यांनी बोलणे टाकले. लग्नपत्रिका पोस्टाने जायच्या. घरे हाकेच्या अंतरावर!

असा सगळा इतिहास डोक्यात घेऊन मी खंडेनवमीच्या दिवशी गावी पोहोचलो. सोप्यात अवजारांची पूजा मांडली होती. कोयते, खुरपी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरची किल्ली, आणि मधोमध आबांचा तो लोखंडी नांगर. कित्येक वर्षांत त्याने माती पाहिलेली नाही. पण हळद-कुंकवाला तो दरवर्षी बाहेर येतो.

नातवाने मला मोबाईलवर ऊसतोडणी यंत्राची चित्रफीत दाखवली. घराएवढे धूड उसात शिरते, बुडख्यातून ऊस कापते, त्याचे वीतभर तुकडे करते, पाचट वाऱ्याने उडवून रानातच पसरते आणि तुकडे बाजूने चालणाऱ्या गाडीत ओतते. किंमत कोटीच्या घरातली. ते भाड्यानेच आणायचे. पण त्याला सरी साडेचार-पाच फुटांची रुंद लागते, वळायला जागा लागते, आणि रान लांबच लांब हवे.

"चार एकरांच्या आडव्या पट्टीत ते सारखं वळतच बसतं, आजोबा. भाडं वळण्यातच जातं. बांध मोडले तर सरी रस्त्यापासून ओढ्यापर्यंत एका दमात जाईल. बापूआजोबांच्या नातवाशी मी बोललोय. तो तयार आहे. आम्ही दोघं कॉलेजला एकाच बाकावर होतो."

"आणि हे दोघे म्हातारे?"

"ते दोघंही म्हणत्यात, पुण्याची पट्टी मधी हाय, आधी त्याला विचारा."

वडिलांनी साठ वर्षांपूर्वी भांडण अडवायला घातलेली पट्टी आता समेट अडवून बसली होती.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पुण्याहून निघताना माझा मुलगा म्हणाला होता, "बाबा, यात पडूच नका. सरळ विकून टाका. गुंठ्याला काय भाव आहे माहीत आहे ना?" तो वाईट नाही; त्याच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे. आणि वाटेत, खरे सांगतो, मीही मनात चार एकरांचे गुंठे केले होते. एकशे साठ होतात.

दुपारी दादा आणि मी सोप्यात बसलो. वहिनी चहा घेऊन आल्या आणि तिथेच टेकल्या.

"भावजी, यंत्र आल्यावर आमच्या बीडच्या माणसांचं काय?"

दरसाल दिवाळीच्या सुमाराला बीडकडून एक जोडपे येते. नवराबायको मिळून एक कोयता, अशी त्या धंद्यातली मोजणी. माणसे नव्हे, कोयते मोजतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने दुसऱ्याच्या उसात राहायचे. हे जोडपे अकरा वर्षे येत आहे. त्यांची थोरली मुलगी वहिनींच्या मांडीवर खेळली आहे.

नातू म्हणाला, "आजी, टोळ्या आत्ताच मिळत नाहीत. गेल्या साली मुकादम पैसे घेऊन फिरकलाच नाही. ऊस दोन महिने वाळला."

"ते खरं रे. आन् त्या पोरीची शाळा बुडती, त्येबी खरं. कोयता सुटला तर बरंच हाय. पर सुटून जायचं कुठं, ते कुणी सांगत न्हाई."

कोणी काही बोलले नाही. मला सुतार आठवला. शंभर वर्षांनी प्रश्न पुन्हा त्याच सोप्यात येऊन बसला होता, आणि त्याला नेमके उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. नातवाने एवढे म्हटले की, रुंद सरीत मधे भाजीपाला, हरभरा घेता येतो. त्याला माणूस लागतो, बाराही महिने लागतो. त्या जोडप्याला तो विचारून पाहील. हे घडेल की नाही, मला ठाऊक नाही. पण आबांनी दोन वर्षे बलुते दिले, त्यापेक्षा हा विचार एक पाऊल पुढचा वाटला.

संध्याकाळी बापूला निरोप धाडला. तो आला, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. दादा खांबाला टेकून नांगराकडे पाहत होते. अखेर मीच बोललो.

"मधली पट्टी मी विकत नाही. बांध मोडायला माझी हरकत नाही. हद्दीचे दगड दोन्ही टोकांना राहू द्या. हिशेब तीन वहीत वेगळे ठेवा. माझ्या वाट्याचे जे निघेल ते ओढ्याकडचे मिठाचे रान सुधारायला, चर काढायला घाला. पण एक अट आहे."

"सांग की," दादा म्हणाले.

"बांध मोडायच्या दिवशी रानात चूल एकच पेटायची. आबांची इर्जिक होती तशी. दोन्ही घरं, आणि ते बीडचे पाहुणे आले असतील तर तेही. त्यांना बोलवायला दादांनी जायचं, आणि दादांना बोलवायला बापूनं."

बराच वेळ कोणी बोलेना. मग बापू उंबरा ओलांडून आत आला, नांगराला हात लावून त्याने तो कपाळाला लावला आणि वहिनींना म्हणाला, "वहिनी, पोळ्या करणार असाल तर गूळ आमच्याकडनं आणतो. साखर नको. दादाला शुगर हाय."

पंधरा वर्षे बोलणे नव्हते. पण दादांना साखरेचा आजार आहे, ही बातमी मात्र बांध ओलांडून वेळेवर पोहोचली होती!

परतताना बसमध्ये माझ्या मनात आले की आपल्या घराला वारसा मिळाला तो कशाचा? जमीन वाटली गेली, नांगर गंजला, मोट आणि इंजिन भंगारात गेले. नांगर आला तेव्हा आठ बैलांसाठी चार घरे एकत्र आली. इंजिन आले तेव्हा ज्याचा तो वेगळा झाला. आता या यंत्रासाठी पुन्हा एकत्र यावे लागत आहे. यंत्र माणसांना जवळही आणत नाही आणि दूरही करत नाही. ते फक्त आपल्या सोयीचे रान मागते. त्या रानावर चूल एक पेटवायची की तीन, हे आपल्याला ठरवावे लागते. आबांनी एकदा ते ठरवले, आणि वडिलांना जमले तेवढे त्यांनी केले. मुलाला मी घरी येऊन सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "रजा टाकतो. मलाही यायचंय."

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी बांध मोडायचा ठरला आहे. उसाची पूर्वहंगामी लागण मग लगेच. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वहिनींनी पुरणाची डाळ निवडायला घेतली असेल. पोळ्या किती खपल्या आणि पंगतीला कोण कोण बसले, ते दिवाळीनंतरच्या पहिल्या सदरात कळवीन. पंगतीत जो येणार नाही, त्याचीही नोंद करीन. आमच्या घरात ती एक बाकी आधीच आहे. तीत भर पडू नये, एवढीच यंदाच्या दिवाळीची इच्छा.